झाडाखालची हवा, गवतातली हवा

मुलांनो, उन्हाळ्यात तुम्ही बातम्यांत ऐकता, 'पुण्याचं आजचं कमाल तापमान ३९ अंश सेल्सिअस.' आता मला सांगा, हे ३९ अंश नेमके कुठले? डांबरी रस्त्यावरचे? तुमच्या गच्चीवरचे? की शाळेच्या आवारातल्या वडाखालचे?

खरं म्हणजे यांतले कुठलेच नाहीत! हवामान खात्याचा तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत बसलेला असतो. पेटीला चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्या असतात. त्यांतून वारा आत येतो, ऊन मात्र येत नाही. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटलंडच्या इंजिनिअरनं ही पेटी १९व्या शतकात तयार केली. तुमच्यापैकी कुणी 'ट्रेझर आयलंड' ही समुद्री चाच्यांची गोष्ट वाचली असेल. तिचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा या पेटीवाल्या स्टीव्हन्सनचाच मुलगा, बरं का!

म्हणजे बातम्यांतलं हवामान हे पेटीतलं हवामान. पण मुंगी काही पेटीत राहत नाही. बेडूक, चंडोल, गवताचं नुकतं उगवलेलं पातं, यांचं हवामान वेगळंच असतं. दगडाखाली एक हवा, दगडावर दुसरी. झाडाखाली एक, उन्हात दुसरी. अशा लहानशा जागेच्या हवामानाला 'सूक्ष्म हवामान' म्हणतात. आणि ते घडवण्यात सगळ्यात मोठा हात असतो तो तिथल्या झाडापानांचा.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा जाऊनच बघावं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या भाचीला घेऊन दोन ठिकाणी भटकून आलो. दोन्ही ठिकाणं पुणे जिल्ह्यातलीच. एक भीमाशंकरचं जंगल, दुसरा सुप्याचा गवताळ माळ.

भाची सातवीत आहे. तिच्या शाळेनं पुढच्या पावसाळ्यात झाडं लावायचं ठरवलंय. 'झाडं लावण्यासाठी एक रिकामी जागा शोधून आणा' असा सुट्टीचा गृहपाठच मिळाला होता. त्यामुळे तिच्या दप्तरात एक कोरी वही होती आणि माझ्या पिशवीत दोन अगदी सारखे तापमापक.

"दोन कशाला, मामा? एक फुटला तर दुसरा?"

"नाही गं. एक कोरडा आणि एक ओला."

एका तापमापकाच्या फुग्याला आम्ही ओल्या सुती चिंधीची पट्टी गुंडाळली. आईनं तापात कपाळावर ठेवलेली पट्टी आठवते ना? पट्टीतलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. तसंच इथंही होतं. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि ओला तापमापक कोरड्यापेक्षा बराच खाली उतरतो. हवा दमट असेल तर पाणी उडतच नाही आणि दोघांचे आकडे जवळजवळ राहतात. म्हणजे दोन तापमापक मिळून हवेची उष्णताही सांगतात आणि तिच्यातला ओलावाही!

हिरव्या छपराखाली

पुण्याहून राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव असं करत डिंभे धरणाच्या कडेनं आमची गाडी घाट चढू लागली. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, हे तुम्हांला माहीतच आहे. भीमा नदीचा उगमही इथलाच. देवळाभोवतीचं जंगल १९८५ साली अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. इथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथंच रिकामे होतात.

गाडीतळावर उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आभाळ स्वच्छ, ऊन चांगलंच तापलेलं. उघड्यावर, आमच्या स्वतःच्या सावलीत तापमापक धरून आम्ही आकडे लिहिले. मग जंगलातली पायवाट धरली.

पंचवीस-तीस पावलांतच फरक जाणवला. कानाजवळचा वारा एकदम थांबला. अंगावरचा घाम सुकेना, पण उकाडाही वाटेना. जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा यांच्या फांद्या वर एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की आभाळाचे नुसते तुकडेच दिसत होते. खोडांवर पावसाळ्यातलं शेवाळ अजून हिरवंगार होतं. पायाखाली ओल्या पाचोळ्याची गादी.

"मामा, पारा उतरला! आणि दोघं जवळजवळ आले!" भाची ओरडली.

असं का झालं? पहिली गोष्ट म्हणजे सावली. वरच्या पानांनी बहुतेक ऊन वरच्यावर झेललं. पण नुसती सावली तर आपल्या पत्र्याच्या छपराखालीही असते, आणि तिथं किती उकडतं! पत्रा ऊन झेलतो आणि स्वतः तापतो. पान तसं तापत नाही, कारण पानाला घाम येतो! मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. यालाच शाळेच्या पुस्तकात 'बाष्पोत्सर्जन' म्हटलेलं असतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला किती उष्णता लागते माहीत आहे? तेवढ्या उष्णतेत सुमारे सात लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल! एवढी उष्णता पानं रोज हवेतून आणि उन्हातून उचलत असतात. म्हणून हिरवं छप्पर गार असतं आणि पत्र्याचं छप्पर गरम.

तिसरी गोष्ट म्हणजे वारा. झाडांच्या गर्दीत तो अडतो, त्यामुळे पानांनी सोडलेला ओलावा लगेच पळून जात नाही. आणि चौथी गोष्ट आपल्या पायाखाली. पाचोळ्याची गादी पावसाचं पाणी झेलते, हळूहळू मातीत मुरवते आणि मातीवर पांघरूण घालून ते उडूही देत नाही. दिवाळी उलटून गेली तरी जंगलातले छोटे ओहोळ झुळझुळत होते ते यामुळेच.

एवढ्यात वर फांद्या खसखसल्या. शेकरू! तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि झुपकेदार लांब शेपटी. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत तो पानांच्या छपरातूनच निघून गेला. जमिनीवर उतरायला शेकरू फारसा राजी नसतो. त्याचं घर, रस्ता, जेवण सगळं त्या हिरव्या छपरातच. छप्पर फाटलं की त्याचा रस्ताच तुटतो.

संध्याकाळी आम्ही पुन्हा मोजलं. बाहेरच्या उघड्या सड्यावर पारा झरझर उतरत होता. जंगलात मात्र तो सावकाश उतरत होता. पानांचं छप्पर दिवसा ऊन बाहेर ठेवतं, तसं रात्री जमिनीची ऊब आत ठेवतं. पाच खंडांतल्या ९८ जागांची मोजमापं एकत्र करून शास्त्रज्ञांनी २०१९ साली असंच दाखवून दिलं. जंगलातलं दिवसाचं कमाल तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी ४ अंशांनी कमी निघालं आणि रात्रीचं किमान तापमान सरासरी एका अंशानं जास्त! आजीच्या जुन्या मातीच्या घरासारखंच झालं की हे. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार.

छोटी भाकरी लवकर वाळते

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका वाडीजवळची देवराई पाहिली. देवराई म्हणजे देवासाठी राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. या भागात अशा कितीतरी राया आहेत. आहुप्याची देवराई तर प्रसिद्धच आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या जुन्या रानांचं मोल जगाला कळलं.

राईच्या मधोमध गारवा होता. पण आम्ही कडेकडे येऊ लागलो तसे दोन्ही तापमापक एकमेकांपासून दूर सरकू लागले. कडेचा पाचोळा पायाखाली चुरचुरत होता. मधला मात्र मऊ आणि ओला.

"कडेनं वारा घुसतो ना आत?" भाचीनं विचारलं.

अगदी बरोबर! जंगलाच्या कडेवर ऊन आणि वारा आडवे आत शिरतात आणि पुष्कळ अंतरापर्यंत ओलावा पळवतात. भाकरी उघडी ठेवली की आधी तिच्या कडा वाळतात, मधला भाग बराच वेळ मऊ राहतो. पण भाकरी जर टिकलीएवढी केली, तर? ती सगळी कडच! देवराईचंही तसंच आहे. चारही बाजूंनी थोडी थोडी तोडत गेलं, तर शेवटी झाडं उभी दिसतात पण मधली गार हवा उरत नाही. मग शेवाळ वाळतं, फांद्यांवरची आमरी म्हणजे ऑर्किड सुकतात, बेडूक नाहीसे होतात. एकही झाड 'मधलं' तोडलेलं नसतं, तरी मधलं जंगल हरवतं.

भाचीनं वहीत लिहिलं, 'जागा क्रमांक १ : देवराईची कड. इथं इथलीच झाडं लावली तर कड जाड होईल.' मला तर हे फारच आवडलं.

भीमेच्याच खोऱ्यात, पण पावसाच्या आडोशाला

आता निघालो सुप्याला. पुण्याला वळसा घालून सोलापूर रस्त्यानं चौफुला, आणि तिथून उजवीकडे. सुपे बारामती तालुक्यात आहे. जवळच अष्टविनायकातलं मोरगाव. मोरगावजवळून कऱ्हा नदी वाहते, ती नीरेला मिळते आणि नीरा पुढे भीमेला. म्हणजे आम्ही अजूनही भीमेच्याच खोऱ्यात होतो! पण सह्याद्रीवर रिकामे झालेले ढग इथं पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. त्यामुळे इथं वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. एवढ्या पावसात दाट जंगल उभं राहत नाही. इथं राज्य असतं गवताचं.

चिंकारा या देखण्या हरणासाठी १९९७ साली इथं 'मयूरेश्वर अभयारण्य' झालं. अगदी लहानसं आहे ते, जेमतेम ५ चौरस किलोमीटर. भाचीनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "मामा, ही बघ ना केवढी रिकामी जागा! इथं हजार झाडं मावतील."

मी म्हटलं, "आत्ता लिहू नकोस. उद्या पहाटे ठरवू."

मोरगावात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत माळाशी पोचलो. अरे बापरे, काय ती थंडी! भीमाशंकर एवढं उंचावर, पण तिथल्या जंगलात अशी हुडहुडी भरली नव्हती. दहा पावलं चाललो तर बूट, मोजे, विजारीचे पाय सगळं चिंब! प्रत्येक पात्यावर दवाचे मणी. मोज्यांत कुसळी गवताची अणकुचीदार बियाणं घुसलेली, ती वेगळीच! आम्ही तापमापक बघितले. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे या कोरड्या मुलखात, या घटकेला, हवा ओलाव्यानं काठोकाठ भरलेली होती!

हे कसं झालं? गवतावर छप्पर नसतं. सूर्य बुडाला की जमिनीची आणि पात्यांची उष्णता थेट स्वच्छ आभाळाकडे निघून जाते. पाती हवेपेक्षाही थंड होतात. मग हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते, थंडगार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तशी. गवताची पाती असंख्य, आणि थेंबाला बसायला तेवढीच जागा. पावसाळ्यानंतर इथल्या किड्यामुंग्यांना, गोगलगायींना हेच पाणी. चिंकारा पाणवठ्याशिवाय बरेच दिवस काढू शकतो, तोही पाल्यातल्या पाण्यावर आणि या दवावर.

जमिनीलगतच्या हवेची आणखी एक गंमत पुण्याशी जोडलेली आहे. डॉ. एल. ए. रामदास हे सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले शास्त्रज्ञ. १९३२ साली पुण्याच्या हवामान खात्यात शेतीच्या हवामानाचा विभाग सुरू झाला, तो त्यांनी उभा केला. शांत, निरभ्र रात्री जमिनीला चिकटलेली हवाच सगळ्यात थंड असणार, असं तोवर सगळे धरून चालत. रामदासांनी मोजून दाखवलं, की उघड्या जमिनीवर सगळ्यात थंड हवा जमिनीलगत नव्हे, तर वीत-दोन वीत वर असते! सुरुवातीला पुष्कळांचा विश्वास बसला नाही. आज त्या थराला जगभर 'रामदास थर' म्हणतात. मोठा शोध लावायला नेहमी दुर्बीणच लागते असं नाही. कधी कधी वीतभर वर आणि वीतभर खाली तापमापक धरूनही भागतं.

दुपारचा माळ

सकाळी नऊपर्यंत दव नाहीसं झालं. अकरा वाजता माळ चांगलाच तापला आणि दोन्ही तापमापकांत इतकं अंतर पडलं, तेवढं भीमाशंकरला उघड्यावरही पडलं नव्हतं. जंगल आपली हवा दिवसभर जपून ठेवतं. माळ मात्र चार-पाच तासांत ओल्याचा कोरडा आणि थंडचा गरम होतो.

मग आम्ही आणखी एक गोष्ट केली. एकदा पायवाटेच्या उघड्या मातीवर आणि एकदा पवन्या गवताच्या जाड बुंध्याशी, असा तापमापक धरला. दोन्ही ठिकाणं हातभर अंतरावर. पण गवताच्या बुडाशी पारा खाली होता! वरची पाती वाळून सोनेरी झालेली, तरी खाली सावली आणि आडोसा होता. त्या वीतभर उंचीच्या गारव्यात नाकतोडे होते, कोळी होते, एक सरडाही होता. उन्हाळ्यात तर उघड्या, कोरड्या मातीचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर तापू शकतो. तेव्हा वाळक्या गवताचं हे पांघरूणच मातीला आणि तिच्यातल्या बियांना वाचवतं. वाळलेलं फिकट गवत गर्द जंगलापेक्षा जास्त ऊन परत आभाळाकडे पाठवतं, हाही एक फायदा.

इथले पक्षीही या हवेला पुरून उरलेत. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. पखुर्डीचा नर तर छातीपोटाच्या पिसांत पाणी शोषून घेऊन दूरवरच्या पिल्लांना पाजतो. चालती-उडती पखालच म्हणा ना!

एका बाभळीच्या सावलीला एक धनगर आजोबा शेळ्यामेंढ्या घेऊन बसले होते. भाचीनं त्यांना विचारलं, "आजोबा, इथं आम्ही पुष्कळ झाडं लावली तर?"

आजोबा हसले. "झाडं कुणाला नगं, पोरी? हीच बाभळ बघ की, दुपारी माझा आन् मेंढरांचा आसरा. पर सगळ्या माळावर झाडंच झाली, तर मेंढरं खातील काय? तिकडं बघ."

त्यांनी दाखवलं तिकडे रस्त्याकडेला ग्लिरिसिडियाची दाट लागवड होती. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. सावली होती खरी, पण खाली गवताचं पातंही धड नव्हतं. शिवाय कमी पावसाच्या भागात आणखी एक हिशोब असतो. गवत उन्हाळ्यात वरून वाळतं आणि मुळांशी झोपी जातं, त्यामुळे पाणी फारसं वापरत नाही. दाट लावलेली झाडं मात्र खोलवरचं पाणी उपसत राहतात. जिथं ३००० मिलिमीटर पाऊस आहे तिथं हा खर्च परवडतो. जिथं ५०० आहे तिथं तो विहिरीच्या तळाला जाणवतो. गवताच्या मुळांचं दाट जाळं माती धरून ठेवतं, पाणी मुरवतं. पण ते जमिनीखाली असतं, दिसत नाही. म्हणून कितीतरी गवताळ माळांवर कागदोपत्री 'पडीक' असा शिक्का बसतो. एकदा पडीक म्हटलं, की कुणालाही वाटतं, इथं काहीही करावं.

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिनं वही काढली आणि लिहिलं, 'जागा क्रमांक २ : सुप्याचा माळ. रिकामी नाही. गवत राहतं.' खाली आणखी एक ओळ, 'जागा क्रमांक ३ : आमच्या शाळेचं मैदान, पाण्याच्या टाकीची बाजू. दुपारी फार तापते. कडुनिंब?'

आता तुमची पाळी

हे तुम्हांलाही घरी करता येईल. ताप मोजायचा तापमापक चालणार नाही. प्रयोगशाळेत मिळतो तसा, लाल अल्कोहोलचा साधा तापमापक घ्या. दोन नसतील तर एकच आधी कोरडा, मग ओली पट्टी लावून वापरा. एखादं मोठं झाड, गवताचा तुकडा, उघडी माती आणि डांबरी रस्ता अशा चार जागा निवडा. तापमापक नेहमी सावलीत धरा, पाच मिनिटं थांबा आणि मगच आकडा लिहा. सकाळी सात, दुपारी एक आणि सूर्यास्तानंतर एक तास, असं आठवडाभर करा. रस्त्याजवळ मोजताना आई-बाबांना सोबत घ्या. त्यांनाही मजा येईल.

आठवड्यानं तुमच्या वहीत तुमच्याच गल्लीचा हवामानाचा नकाशा तयार होईल. झाड कुठं हवंय आणि गवत कुठं राहू द्यायचं, हे तो नकाशाच सांगेल. आणि एखाद्या माळाकडे बोट दाखवून कुणी म्हणालं, 'ही जागा रिकामीच आहे,' तर त्यांच्याशी वाद घालू नका. थंडीच्या दिवसांत, पहाटे, त्यांना तिथं दहा पावलं चालवून आणा. त्यांचे भिजलेले बूटच त्यांना काय ते सांगतील!